फिरंगाची ओळख

दसऱ्याला ज्या झाडाची पानं आपण सोनं म्हणून वाटतो, त्या झाडाचं आणि पनवेलजवळच्या आमच्या गावाचं नाव एकच, आपटा. त्याच दिवशी महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या घरांत तलवारीची पूजा होते. 'ही शिवकाळातली' असं घरातलं कुणीतरी हमखास सांगतं. पण ते खरं की नुसतं ऐकीव, हे ओळखायचं कसं?

मराठ्यांच्या तलवारींत 'फिरंग' हा मानाचा प्रकार. फारसीत 'फरंग' म्हणजे फ्रँकांचा मुलूख, म्हणजेच युरोप. तिकडची पाती गोवा, चौल, वसईच्या बंदरांत पोर्तुगीजांमार्फत उतरत. त्यांतली पुष्कळशी जर्मनीतल्या झोलिंगेन गावची. मूठ मात्र इथल्या कारागिराची. पातं परकं, मूठ घरची. असं हे हत्यार.

पात्यावर धावत्या लांडग्याची खूण दिसली, की माणसं हरखून जातात. ही खूण मूळची जर्मनीतल्या पासाउ गावची. पुढे झोलिंगेनच्या लोहारांनी ती उचलली. 'आंद्रेआ फेरारा' हे सोळाव्या शतकातल्या इटालियन कारागिराचं नाव तर जर्मन पात्यांवरही सर्रास उमटवलं गेलं. जिनोव्हाची दातेरी कोयत्यांसारखी खूण आपल्याकडच्या लोहारांनीही नकलली. नाव चाललं की त्याची नक्कल होते, तेव्हाही आणि आताही. म्हणून एकट्या खुणेवर विसंबू नये.

मग पाहायचं काय? आधी पोलाद. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखं जौहर असेल, तर ते पौर्वात्य पोलाद, झोलिंगेनचं नव्हे. मग मूठ आणि पातं यांचा सांधा. जुन्या मुठीत पातं राळेने बसवलेलं असे आणि फिरंगाच्या पात्याला मुठीजवळ आधाराच्या पट्ट्या रिव्हेटने ठोकलेल्या असत. तिथे ताजं वेल्डिंग दिसलं, तर सावध व्हावं. गंजही बोलतो. जुना गंज काळसर आणि घट्ट असतो. ॲसिडने आणलेला तांबूस आणि सगळीकडे सारखा. आणखी एक, मूठ बदलत असे. त्यामुळे पात्याचं वय आणि मुठीचं वय वेगळं असू शकतं. तेवढ्यावरून तलवार खोटी ठरत नाही.

सगळ्यांत मोलाचा पुरावा म्हणजे अक्षर. नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे 47 लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपीय, मुठीवर सोन्याची कोफ्तगरी. पण तिची ओळख पटली ती पात्याच्या पाठीवरच्या सोनेरी देवनागरी ओळीमुळे. त्या ओळीत रघुजींचं नाव आहे, 'सेनासाहेब सुभा' हा किताब आहे आणि 'फिरंग' हा शब्दही आहे.

अशी एखादी ओळ आपल्याही घरातल्या पात्यावर गंजाखाली दडलेली असेल. पूजेच्या आदल्या दिवशी चिंच, वीट किंवा पॉलिश पेपरने घासल्यावर तीच आधी जाते, मग खूण जाते, मग कोफ्तगरी. तेव्हा चकाकीचा मोह सोडावा. मऊ, कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, तेलाचा पुसट हात द्यावा आणि पारखी माणसाला दाखवावी. ही तलवार कुणाकडून कुणाकडे आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत तारखेनिशी लिहून ठेवावं. लोखंड पुन्हा घडवता येतं. पुसलेलं अक्षर पुन्हा येत नाही.