जुनीं चित्रपुस्तकें, जुनीं खेळणीं आणि त्यांचें मोल

नोव्हेंबर २०२५ मध्यें अमेरिकेंतील एका लिलांवांत सुपरमॅनच्या १९३९ सालच्या पहिल्या अंकाची एक प्रत ९१ लक्ष २० हजार डॉलरांस विकली गेली. तिची मूळ किंमत होती दहा सेंट! कॅलिफोर्नियांतील तिघे भाऊ आईच्या निधनानंतर तिचें घर आवरीत असतां माळ्यावरील एका खोक्यांत, जुन्या वर्तमानपत्रांच्या थराखालीं, ती त्यांस सांपडली. आईनें व तिच्या भावानें लहानपणीं जमविलेल्या पुस्तकांपैकीं ती एक होती. अशी वार्ता वाचली कीं कोणाहि गृहस्थाची दृष्टि आपल्या माळ्याकडे वळावी, हें स्वाभाविकच आहे. परंतु रद्दीवाल्याच्या तागडींतून वांचलेली ट्रंक एखाद्या चतुर दलालाच्या हातीं पडली, तर तेंहि नुकसानच. म्हणून अशा वस्तूंचें मोल कसें ठरतें, ह्याचा शांतपणें विचार करणें अगत्याचें आहे.

आपला 'महाग' हा शब्द संस्कृतांतील 'महार्घ' ह्यापासून आला आणि 'सवंग' हा 'समर्घ' ह्यापासून. दोहोंच्या पोटीं 'अर्घ' म्हणजे किंमत हा एकच शब्द आहे. अतिथीस द्यावयाचें अर्घ्य हेंहि त्याच कुळांतलें. भाव आणि आदर हे असे एकमेकांचे सगोत्र आहेत. पण वस्तूचें वय मात्र ह्या शब्दांत कोठेंच नाहीं. केवळ जुनी म्हणून कोणतीहि वस्तु मोलाची होत नाहीं. ती विरळ असावी लागते, चांगल्या स्थितींत असावी लागते आणि तिच्यासाठीं जीव टाकणारें माणूस कोठें तरी असावें लागतें. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच भाव येतो.

प्रथम विरळपणाचें पाहूं. जून १९३८ ही तारीख असलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांत सुपरमॅन प्रथम अवतरला. त्या अंकाच्या सुमारें दोन लक्ष प्रती छापल्या होत्या. आज शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात, असा जाणत्यांचा अंदाज आहे. मग बाकीच्या गेल्या कोठें? मुलांनीं त्या वाचून फाडल्या, मित्रांना दिल्या; आयांनीं रद्दींत घातल्या. दुसऱ्या महायुद्धांत कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत अशीं पुस्तकें ढिगांनीं गेलीं. युद्धानंतर कित्येक गांवीं शाळा व चर्चें ह्यांच्या पुढाकारानें त्यांच्या होळ्या झाल्या. १९५४ सालीं फ्रेडरिक वर्थम ह्या मानसोपचारतज्ज्ञानें हीं पुस्तकें मुलांना बिघडवितात असा ग्रंथच लिहिला, आणि त्याच वर्षीं प्रकाशकांनीं स्वतःवर कडक नियम लादून घेतले. ज्या पुस्तकांवर आम्हां शिक्षकांनीं सर्वांत अधिक डोळे वटारले, तींच आज तिजोरींत बसलीं आहेत! आणि ज्या दोन तरुणांनीं सुपरमॅन निर्माण केला, त्या जेरी सीगल व जो शुस्टर ह्यांस १९३८ सालीं त्याच्या सर्व हक्कांपोटीं मिळाले अवघे १३० डॉलर. बाजार निर्मात्याला ओळखत नाहीं. शेवटीं वस्तु ज्याच्या हातीं उरली, त्यालाच तो ओळखतो.

ह्याच्या उलट उदाहरण १९९२ सालचें आहे. त्या वर्षीं नोव्हेंबरांत सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवींत बंद करून विक्रीस आला. पुढें मोठा भाव येईल ह्या आशेनें लोकांनीं दुकानांपुढें रांगा लावल्या. कित्येकांनीं एक प्रत वाचावयास व दुसरी ठेवावयास घेतली. अशा लाखों प्रती खपल्या आणि त्यांतल्या बहुतेक काळजीपूर्वक जपल्या गेल्या. जी वस्तु सर्वांनींच जपली, ती विरळ कशी होणार? थोड्याच वर्षांत हा फुगा फुटला, अनेक दुकानें बंद पडलीं आणि १९९६ च्या डिसेंबरांत 'मार्व्हल' ह्या बलाढ्य प्रकाशनसंस्थेवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. जीं पुस्तकें मुलांनीं आवडीनें वाचली व ज्यांकडे मोठ्यांनीं दुर्लक्ष केलें, त्यांना सोन्याचा भाव आला. जीं केवळ भावासाठीं घेतलीं, तीं बहुधा कागदच राहिलीं.

आतां स्थितीविषयीं. १९७० सालीं रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट ह्यानें अमेरिकन चित्रपुस्तकांचें दरपत्रक पुस्तकरूपानें काढलें, तेव्हांपासून अंकाची किंमत त्याच्या प्रकृतीशीं पद्धतशीर जोडली जाऊं लागली. २००० सालापासून 'सीजीसी' नांवाची संस्था प्रत तपासून अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते व ती पारदर्शक आवरणांत बंद करून परत करते. वर सांगितलेल्या सुपरमॅनच्या प्रतीस नऊ गुण मिळाले होते. कोपरा दुमडला, टांचणी गंजली, पाठ चिरली, पान पिवळें पडलें, कीं गुण उतरतात. रंग उडालेल्या जागीं नवा रंग भरला, किंवा कडा कापून सरळ केल्या, तर तशी स्पष्ट नोंद होऊन भाव पुष्कळ घसरतो. सारांश, डागडुजी करून किंमत वाढवावी हा विचार येथें उलटा पडतो.

हा कागदच मुळांत अल्पायुषी आहे. तो लाकडाच्या स्वस्त लगद्याचा असतो. त्यांतील लिग्निन ह्या द्रव्यामुळें व आम्लामुळें तो कालांतरानें पिवळा व ठिसूळ होतो. ऊन, उष्णता व दमट हवा हे त्याचे शत्रू. कोलोरॅडोमधील एडगर चर्च ह्या चित्रकारानें जमविलेलीं हजारों चित्रपुस्तकें १९७७ सालीं चक रोझान्स्की ह्या विक्रेत्यानें घेतलीं, तेव्हां तीं जणूं कालच छापल्यासारखीं टवटवीत होतीं. कोरड्या हवेंत, एकावर एक घट्ट रचून, अंधाऱ्या जागीं तीं राहिलीं होतीं. कोंकणांतील पावसाळा सोसलेल्या ट्रंकेकडून तशी अपेक्षा करूं नये.

खेळण्यांचा न्यायहि असाच आहे. जर्मनींतील 'श्टाइफ' कंपनीच्या अस्वलाच्या कानांत १९०४ पासून धातूचें बटण असतें. जाणकार प्रथम तो कान पाहतो. लिव्हरपूलच्या 'डिंकी' मोटारींपैकीं युद्धपूर्व काळांतील कित्येक, जस्ताच्या मिश्रधातूंत शिसें मिसळल्यामुळें, आपोआप भेगाळून भुगा होतात. त्यावर उपाय नाहीं. खोकें शाबूत असेल तर खेळण्याची किंमत अनेकदां दुप्पट-तिप्पट होते, म्हणून खोटीं खोकींहि निघतात. 'स्टार वॉर्स' चित्रपटांतील बोबा फेट नांवाच्या पात्राची, पाठीवरून अग्निबाण सोडणारी बाहुली १९७९ सालीं जाहिरातींत झळकली. परंतु बाण मुलांच्या घशांत अडकेल ह्या भीतीनें ती विक्रीस आलीच नाहीं. चाचणीसाठीं केलेले मोजके नमुने तेवढे उरले आणि त्यांपैकीं एकास २०२४ सालीं सव्वापांच लक्ष डॉलर आले. गंमत अशी कीं, ही बाहुली लहानपणीं आपल्याजवळ होती असें शपथेवर सांगणारे लोक आजहि भेटतात! मोल ठरवितांना स्मरणापेक्षां पुराव्याचा आधार बरा.

आपल्याकडील घरांत काय सांपडेल? टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनीं मार्च १९६४ पासून १९९० पर्यंत 'इंद्रजाल कॉमिक्स' काढलें. ली फॉकचा 'फँटम' त्यांतून मराठी मुलांना 'वेताळ' म्हणून भेटला. अनंत पै ह्यांच्या 'अमर चित्र कथे'चा आरंभ १९६७ सालचा. तिचे पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते, म्हणून 'कृष्ण' हा अंक अकरावा ठरला. ह्या मालेंतील पुस्तकें पुनःपुन्हा छापलीं गेलीं. तेव्हां नुसतें नांव पाहून भागत नाहीं. अंकाचा क्रमांक, छापील किंमत, मुद्रणाचें साल व मागील पृष्ठावरील जाहिरात हीं ताडून पाहावीं. मधलीं पानें आहेत ना, कोडीं पेन्सिलीनें भरलीं आहेत काय, हेंहि पाहावें. पुष्कळ घरांत दहा-बारा अंक एकत्र शिवून बांधीव ठेवले जात. बांधणाराच्या सुऱ्यानें कडा कापल्या जात असल्यामुळें संग्राहक नाक मुरडतो. पण त्या बांधणीमुळेंच ते अंक टिकले, हेंहि विसरूं नये. आजीची पितळी भातुकली मात्र मोडींत वजनावर कधींहि घालूं नये. मोडवाला धातूचे पैसे देतो, कारागिरीचे नव्हे.

भाव काढतांना एक पथ्य पाळावें. विकणारा मागतो ती किंमत खरी नसते. त्याच क्रमांकाची, तशाच स्थितींतील प्रत प्रत्यक्ष केवढ्यास विकली गेली, ती खरी. शिवाय व्यापाऱ्यास पुढें विकावयाचें असतें, म्हणून तो त्यांतला एक भागच देणार. लिलांववाल्याचें कमिशन वेगळेंच. दारीं प्रथम येईल त्यास कांहीं देऊं नये. वस्तूंस पाणी, पॉलिश किंवा चिकटपट्टी लावूं नये; कोरड्या, अंधाऱ्या जागीं त्या ठेवून त्यांची यादी करावी.

ही यादी सर्वांसमक्ष व्हावी, हें माझें मुख्य सांगणें आहे. एकत्र कुटुंबांतील जमीनजुमल्याच्या वांटण्या कागदावर होतात; माळ्यावरील खेळण्यांचा मालक मात्र कोणीच नसतो, म्हणून तीं कोणीहि देऊन टाकतो. सासरीं गेलेल्या आत्याबाईंची ठकी पुतण्यानें परस्पर विकली, तर हातीं आलेल्या पैशापेक्षां मनांत पडलेली अढी मोठी ठरते. जो त्या वस्तूशीं खेळला, ज्यानें ती जपली, त्यास आधीं विचारावें. विकणें लज्जास्पद नाहीं. घरांत औषधपाण्याची किंवा मुलांच्या शिक्षणाची नड असेल तर खुशाल विकावें. पण तें सर्वांच्या संमतीनें व हिशेबानें व्हावें. तिसराहि एक मार्ग आहे. पुण्यांत दिनकर केळकर ह्यांनीं जुने दिवे, अडकित्ते, कुलपें अशा, लोक मोडींत टाकीत असलेल्या घरगुती वस्तु जन्मभर जमविल्या आणि अकालीं गेलेल्या आपल्या राजा ह्या मुलाच्या नांवानें तो संग्रह समाजास देऊन टाकला. तेथें भाव कोणी विचारीत नाहीं; आदर मात्र पिढ्यान् पिढ्या मिळतो.

आणि नातवंडांसाठीं नवें खेळणें घ्याल, तें पुढें भाव येईल म्हणून खोक्यांत बंद ठेवूं नका. १९९२ सालच्या काळ्या पिशवीचें काय झालें, तें आपण वर पाहिलेंच. खेळणें मुलाच्या हातीं द्या, पुस्तक त्याला वाचूं द्या. त्यांतून जें उरेल, तेंच कोणी तरी पुढें जिवापाड जपेल.