आधी वाऱ्याचं बोला

ग्रुआ बेटावरच्या चर्चच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबडा नाही, ट्यूना मासा फिरतो. ब्रिटनीतल्या लोरियाँहून बोटीनं जेमतेम पाऊण तास. वीसेक वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तिथल्या एका ब्रेतॉन भाषेच्या वर्गात मी पाहुणा म्हणून बसलो होतो. टेबलाभोवती शिकणारे सहा. दोघे मुख्य भूमीवरून येऊन राहिलेले, बाकीची बेटावरचीच नातवंडं. मधोमध ऐंशी ओलांडलेल्या एक आजी. त्यांना उच्चार सांगायला बोलावलं होतं. सोलायला बटाटे त्या घरून घेऊन आल्या होत्या.

त्या दिवशी विषय होता घर. ब्रेतॉनमध्ये घर म्हणजे 'ती'. पण त्याचं घर म्हटलं की 'दी' होतं आणि तिचं म्हटलं की 'झी'. आपण मराठीत शब्दाचं शेपूट वळवतो, इथं तोंडच बदलतं. त्यामुळे कानावर पडलेला शब्द कोशात शोधायला गेलं तर सापडत नाही. एक तरुण ओठ हलवत, नियम आठवत वाक्य जुळवत होता. तोवर आजी म्हणून मोकळ्या. असंच का, असं विचारल्यावर त्यांनी खांदे उडवले आणि पुढचा बटाटा उचलला.

आत येताना त्या तरुणानं 'देमात' म्हटलं होतं, तेव्हा आजींनी उत्तर फ्रेंचमध्ये दिलं. 'देमात' हा पुस्तकातला नमस्कार. जुनी माणसं भेटली की आधी हवेचं बोलतात.

पूर्वी इथले पुरुष उन्हाळाभर शिडाच्या होड्या घेऊन बिस्केच्या उपसागरात ट्यूनामागे असत आणि शेती बायका ओढत. धक्क्यावर ब्रेतॉन, शेतात ब्रेतॉन, शाळेत फ्रेंच. आजींच्या आईच्या गळ्यात शाळेत लाकडी बूट अडकवला गेला होता, ब्रेतॉन बोलली म्हणून. तो उतरवायचा तर बोलणारं दुसरं पोर पकडून द्यायचं! आजींनी आपल्या मुलांशी फ्रेंचच ठेवली. त्या मुलांची मुलं आता पैसे भरून टेबलाशी बसली होती. त्यांच्या ब्रेतॉनला पुस्तकी म्हणून हिणवणारे विद्वान मला भेटले आहेत. मला ते हिणवणं फुकटचं वाटतं.

तेवढ्यात दारात आजींच्याच वयाची शेजारीण आली. दोघी वाऱ्याबद्दल काहीतरी बोलल्या, भराभर, अर्ध्याच वाक्यांत, आणि हसल्या. तरुणानं वही पुढे ओढली, पुन्हा सांगाल का म्हणाला.

आजींनी पुन्हा सांगितलं. फ्रेंचमध्ये.