सामना संपला, आर्म अजून वरच

औंढा नागनाथला घरी आलो की 'लायगोचं काय चाललंय?' हा प्रश्न ठरलेला. या वेळी इंजिनिअरिंगला असलेल्या मावसभावाने मात्र सुजलेलं बोट दाखवलं. रोबोकॉनचा सराव चालू होता. शिट्टी झाली, लाल बटण दाबलं, आणि वर राहिलेला आर्म तो हाताने खाली घ्यायला गेला. आर्म धाडकन आला.

लाल बटण वीज तोडतं, साठलेली ऊर्जा नाही. हिशोब करून बघा. ४ किलोचा आर्म १ मीटर वर असेल तर साधारण ३९ ज्युल. ही झाली किरकोळ. हवा भरायला बरेच संघ कोल्ड्रिंकच्या बाटल्या वापरतात. २ लिटरच्या बाटलीत ६ बार दाब असेल, तर त्या हवेतून जास्तीत जास्त दीड हजार ज्युलच्या आसपास काम निघू शकतं. बटण दाबल्यावरही ती हवा आतच असते.

'पण मोटर ब्रेक मोडला होती ना!' असेल. ब्रेक मोडमध्ये मोटरची टोकं एकमेकांना जोडली जातात. ती फिरली की जनित्र बनते आणि स्वतःच्याच फिरण्याला विरोध करते. गंमत अशी की हा विरोध वेगाच्या प्रमाणात असतो. वेग शून्य, तर विरोधही शून्य. म्हणजे ब्रेक मोड आर्मला सावकाश उतरू देतो, धरून ठेवत नाही.

म्हणून आधी आर्मखाली लाकडी ठोकळा. मग हवा सोडा, कारण हवा सुटतानाच आर्म घसरू शकतो. मग बॅटरी काढा. आणि त्यानंतर हात घाला, तोही हळू. मोटर जोरात फिरवली तर तिच्यात तयार झालेली वीज कंट्रोलरला जागं करू शकते.

खरी फसगत पुढच्या सामन्यात होते. साधा एन्कोडर चालू होताना जिथे असेल तिथेच शून्य धरतो. हाताने हलवलेला आर्म मग चुकीच्या शून्यावरून निघतो आणि फ्रेमवर आदळतो. सुरुवातीला कमी ताकदीने लिमिट स्विचपर्यंत नेऊन शून्य ठरवणं, हा यावरचा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय.

लायगोचा विषय इथेच येतो. आपल्या इथला लायगो अजून व्हायचाय, पण अमेरिकेतल्या लायगोत ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लंबकावर टांगलेले आहेत. दूरच्या भूकंपानेही ते डोलतात. हालचाल मर्यादेबाहेर गेली की पहारेकरी यंत्रणा आरशांना ढकलणारे सिग्नल बंद करते. लगेच जागेवर ओढायला गेलं तर डोलणं वाढायचीच भीती. आधी डोलणं शमवतात, मग आरसे सरळ करतात, आणि त्यानंतरच लेसर पुन्हा जुळवायला घेतात.

मावसभावाने ठोकळा कापून घेतलाय. बोटाची सूज अजून आहे.