ब्राझीलचा शोध, परभणीच्या वर्गातून

परकीय देशाचा परिचय करून देण्याची आपल्या शाळांतील रीत ठरून गेलेली आहे. ‘एका देशाची माहिती जमवा’ असा गृहपाठ दिला जातो. विद्यार्थी दुकानातून नकाशा आणि ध्वजाचे चित्र आणतो, कार्डशीटवर चिकटवतो आणि राजधानी, चलन, भाषा, लोकसंख्या एवढा मजकूर मोबाइलवरून उतरवून घेतो. पुष्कळदा हे कामही आई-वडील किंवा मोठे भावंडच पूर्ण करते. फाइल जमा होते, गुण मिळतात आणि तो देश विसरला जातो. ज्याच्या घरी पैसे व मोबाइल आहे, त्याचा प्रकल्प देखणा ठरतो. ज्याच्या घरी नाही, तो मागे पडतो. म्हणजे मूल्यमापन होते ते ज्ञानाचे नव्हे, घरच्या परिस्थितीचे.

वास्तविक प्रकल्प पद्धतीचा मूळ हेतू याच्या नेमका उलट होता. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ही पद्धती मांडली, तेव्हा मुलाने मनापासून स्वीकारलेले, हेतुपूर्ण काम हा त्यांनी तिचा गाभा मानला. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीममध्येही ज्ञानाची सांगड मुलाच्या हातच्या कामाशी व परिसराशी घालण्याचा आग्रह होता. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडा, असेच सांगितले. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले आणि ‘प्रकल्प’ हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन बनले. मात्र व्यवहारात तो गुणपत्रकातील एक रकाना होऊन बसला. तो पुन्हा शोधाचे साधन कसा होईल, याचा विचार सहावी ते आठवीच्या वर्गांपुरता येथे करू.

ब्राझीलच का?

बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांचा तुलनात्मक अभ्यास आला. एका दूरच्या देशाशेजारी आपला देश ठेवून दोन्ही समजून घेणे, ही त्यामागील दृष्टी मोलाची आहे. परंतु दहावीत परीक्षेचे दडपण असते. हीच दृष्टी सातवीच्या वर्गात, गटागटाने आणि परीक्षेच्या धाकाविना रुजवता येते. शिवाय परभणीच्या मुलाला ब्राझील वाटतो तितका परका नाही.

एकादशीच्या ताटापासूनच सुरुवात करता येईल. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो, त्या पिकाची जन्मभूमी ॲमेझॉनच्या खोऱ्याची कड. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला आणि बटाटा अँडीज पर्वतातला. म्हणजे आपली उपवासाची खिचडी बहुतांशी अटलांटिकपलीकडून आलेली आहे. हे कळल्यावर जे मूल ‘असे कसे?’ म्हणून विचारते, त्याचा प्रकल्प तेथेच सुरू झालेला असतो.

पाच गट, पाच प्रश्न

चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गाचे आठ-आठ जणांचे पाच गट करावेत. प्रत्येक गटाला विषय न देता प्रश्न द्यावा. ‘ब्राझीलची शेती’ या विषयाचे उत्तर उतरवून घेता येते. नेमक्या प्रश्नाचे उत्तर मात्र शोधावेच लागते.

पहिला गट नकाशाचा. परभणी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे. जवळपास तितकेच दक्षिणेस गेल्यास ब्राझीलचे कोणते मोठे शहर लागते? उत्तर आहे बेलो होरिझोन्ते, सुमारे २० अंशांवर. मग तेथे पावसाळा कधी येतो? आपली शाळा सकाळी साडेदहाला भरते तेव्हा ब्राझिलियात पहाटेचे दोन वाजलेले असतात, ते का? अक्षांश-रेखांशांचा धडा येथे आपोआप जिवंत होतो.

दुसरा गट शेतीचा. परभणीच्या शेतकऱ्याचे आज सोयाबीनवर मोठे अवलंबन आहे आणि जगात सर्वाधिक सोयाबीन पिकवणारा देश ब्राझील आहे. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास काढणी चालते, तेव्हा तेथे पेरणी सुरू असते. तेथील नवे पीक बाजारात येते ते साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये, म्हणजे भाव वाढेल या आशेने आपल्याकडे काही घरांत पोती थप्पीला असतात त्याच काळात. आपण सोयातेल आयात करतो, पेंड निर्यात करतो. त्यामुळे तेथील पिकाचा अंदाज हे मोंढ्यातील दरावर परिणाम करणाऱ्या अनेक कारणांपैकी एक ठरते. ही साखळी मुलांनी आडत दुकानदाराशी व शेतकऱ्यांशी बोलून उलगडावी. येथील कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ ची, तर ब्राझीलच्या ‘एम्ब्रापा’ या कृषी संशोधन संस्थेची १९७३ ची. एम्ब्रापाच्या शास्त्रज्ञांनी ‘सेराडो’ या विस्तीर्ण प्रदेशातील आम्लधर्मी जमिनी चुना घालून सुधारल्या व उष्ण हवामानाला मानवणारे सोयाबीन घडवले. आपल्या विद्यापीठाने ‘एमएयूएस ७१’सारखे वाण दिले. दोन्हींची तुलना करताना विद्यापीठातील एखाद्या शास्त्रज्ञाची भेट मिळाली, तर ती दहा पुस्तकांची जागा घेईल.

तिसरा गट पाण्याचा. ब्राझील म्हणजे घनदाट जंगल, अशी समजूत असते. पण त्याच देशाच्या ईशान्येकडील अंतर्भाग दुष्काळासाठी कुप्रसिद्ध आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला ‘अवर्षण चतुष्कोन’ म्हणतात. तेथे २००३ पासून शासनाच्या साहाय्याने छतावरचे पाणी साठवणाऱ्या, सुमारे १६ हजार लिटरच्या टाक्या घरोघरी बांधण्याची मोहीम राबवली गेली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील मराठवाड्याने २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी नेलेले पाहिले आहे. येलदरी आणि जायकवाडीच्या पाण्यावर विसंबलेल्या जिल्ह्यातील मुलांनी एक हिशेब करावा: आपल्या घराला रोज किती लिटर पाणी लागते आणि तसली टाकी किती दिवस पुरेल?

चौथा गट इतिहासाचा. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल १५०० च्या एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत सप्टेंबरमध्ये कालिकतला पोहोचला. त्यानंतरच्या शतकांत ब्राझील व गोवा एकाच साम्राज्याखाली होते. ब्राझीलने ७ सप्टेंबर १८२२ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले, तेही पोर्तुगालच्या राजपुत्राच्या पुढाकाराने. आणि तेथील गुलामगिरी मात्र १८८८ पर्यंत टिकली. निजामाच्या राजवटीतील परभणीला १५ ऑगस्ट १९४७ नंतरही १७ सप्टेंबर १९४८ ची वाट पाहावी लागली. देश स्वतंत्र झाला म्हणजे त्यातील प्रत्येक माणूस स्वतंत्र झाला काय, या प्रश्नावर सातवीची मुलेही गंभीरपणे बोलतात. त्यासाठी मुक्तिसंग्रामाच्या आठवणी ज्यांच्या घरात सांगितल्या जातात, अशा वडीलधाऱ्यांची मुलाखत घ्यावी.

पाचवा गट देवाणघेवाणीचा. ‘काजू’ व ‘अननस’ हे शब्द तेथील आदिवासी भाषांतून पोर्तुगीजांमार्फत मराठीत आले. उलट आंध्रातील ओंगोल जातीचा गोवंश ब्राझीलला जाऊन नेल्लोरच्या नावावरून ‘नेलोरे’ झाला आणि आपली गीर गाय तेथे दुधासाठी वाखाणली जाते. ज्या घरी लालकंधारी किंवा देवणी जनावरे बांधलेली आहेत, तेथील मुलांना हा विषय वेगळा शिकवावा लागणार नाही.

सर्वांनी सर्व शिकावे

गटकार्याचा नेहमीचा दोष म्हणजे दोघे राबतात आणि बाकीचे नावापुरते असतात. यावर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत ‘जिगसॉ’ पद्धत योजली. तेथे वेगवेगळ्या वंशांची मुले नुकतीच एका वर्गात आली होती व त्यांच्यात तेढ होती. पद्धत सोपी आहे. पाच गटांनी आपापल्या प्रश्नाचा अभ्यास केला, की ते गट मोडायचे आणि प्रत्येक जुन्या गटातील एकेक विद्यार्थी असलेले नवे गट करायचे. आता पाण्याची माहिती असलेले नव्या गटात एकच मूल असते. त्याने सांगितले नाही, तर इतरांचे चित्र अपुरे राहते. कोड्यातील प्रत्येक तुकडा आवश्यक ठरतो, तसे प्रत्येक मूल आवश्यक ठरते. कोपऱ्यात बसणारे मूलही मग बोलते, कारण त्याचे ऐकण्याची इतरांना गरज असते.

मूल्यमापनही याला धरून असावे. फाइलची सजावट पाहू नये. प्रत्येक मुलाला दुसऱ्या गटाच्या विषयावरील एक प्रश्न तोंडी विचारावा. प्रत्येक नोंदीखाली ती कोठून मिळाली, हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावे. मोबाइलवरील तयार उत्तर निषिद्ध नाही. परंतु ते ॲटलास, पाठ्यपुस्तक किंवा जाणत्या माणसाकडून पडताळल्याशिवाय स्वीकारू नये. दोन ठिकाणी दोन आकडे आढळले, तर ते अपयश मानू नये. तो का वेगळा आहे, हे विचारणे हाच अभ्यास होय.

काही पथ्ये

फुटबॉल, कार्निव्हल आणि जंगल एवढ्यावरच ब्राझील संपवू नये. परदेशात कोणी भारताची ओळख गारुडी आणि हत्तींवर संपवली, तर आपल्याला कसे वाटेल? ‘कोणता देश श्रेष्ठ’ हा प्रश्नही टाळावा. सजावट मुलींकडे आणि भाषण मुलांकडे, ही वाटणी तर कटाक्षाने मोडावी.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य वेळापत्रकाचे आहे. जिल्ह्याच्या काही भागांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात आणि मुलेही त्यांच्यासोबत जातात. प्रकल्प डिसेंबरमध्ये ठेवला, तर नेमकी हीच मुले त्यातून गळतात. पोळ्यानंतर आरंभ करून दसऱ्यापूर्वी समारोप केल्यास सुमारे चाळीस दिवस मिळतात आणि ते पुरेसे आहेत. दरवर्षी गाव सोडणाऱ्या या मुलांना स्थलांतराचा अनुभव पुस्तकाविना आहे. ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी भागातून कामासाठी साओ पावलोकडे गेलेल्या कुटुंबांविषयी वर्गात बोलणे निघेल, तेव्हा सर्वाधिक जाणकार तीच असतील. त्यांना बोलते करावे.

ब्राझीलची राजधानी कोणती, हे मूल कदाचित विसरेल. ते शोधायला आता क्षण पुरतो. पण आपल्या वडिलांच्या सोयाबीनचा भाव आणि सातासमुद्रापलीकडील शेतकऱ्याची पेरणी यांचे नाते ज्याने स्वतः शोधून काढले, ते मूल पुढे कोणत्याही देशाकडे डोळसपणे पाहील आणि आपल्या गावाकडेही.