मीटरच्या पलीकडची वीज

राजूरची ओळख दोन गोष्टींनी झाली, कोळशाने आणि चुन्याने. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातलं हे गाव वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात येतं. जमिनीत कोळसा आणि जवळच चुनखडी, त्यामुळे कॉलरीच्या जोडीने चुनाभट्ट्याही इथे रुजल्या. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाली आणि या पट्ट्यातल्या खाणींचा कारभार नागपुरातून चालू लागला. कामासाठी माणसं येत राहिली. अशा गावात घर एकदम बांधून होत नाही. आधी एक खोली, मग मागे टिनाचं छप्पर, जमलं तर पुढे स्लॅब. प्रत्येक वाढीव खोलीला वीज मिळते ती आधीच्या खोलीच्या बोर्डातून ओढलेल्या तारेने.

अशा गावात विजेच्या बाबतीत एक विलक्षण विसंगती आढळते. भूमिगत खाणीत कामगाराच्या हातातलं कोळशाचं ड्रिल १२५ व्होल्टवर चालतं, कारण हातात धरायच्या यंत्राला त्याहून जास्त दाब देऊ नये असा नियम आहे. यंत्राला ‘अर्थ लीकेज’ संरक्षण लागतं. हवेतल्या ज्वलनशील वायूचं प्रमाण सव्वा टक्क्याच्या वर गेलं तर तिथली वीज ताबडतोब तोडावी लागते. विजेचं काम नेमलेल्या, पात्र माणसानेच करायचं आणि तपासणीची नोंद वहीत ठेवायची. त्यावर धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची देखरेख असते. तोच कामगार पाळी संपवून घरी येतो आणि ओल्या हाताने लोखंडी कूलरमध्ये पाणी ओततो. तिथे दाब २३० व्होल्टचा असतो. अर्थिंग बहुधा नसतं, आणि नोंदवहीचा तर प्रश्नच येत नाही.

वैदर्भीय उन्हाळ्यात कूलर ही चैन नाही. पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की तो गरजेचा होतो. विजेने माणूस मरण्याची सगळी सोय मात्र या एकाच वस्तूत असते. पत्र्याचं अंग, आत पाण्याची टाकी, पाण्यात बुडालेला पंप, भिजलेला वाळा आणि खाली ओली फरशी. पंपाच्या वायरचं आवरण चिरलं की सगळा पत्रा ‘फेज’वर येतो. म्हणूनच दर उन्हाळ्यात विदर्भात महावितरणला आवाहन करावं लागतं की कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढा, अर्थिंग असलेलं थ्री-पिन सॉकेट वापरा. आवाहन योग्यच आहे. मात्र घरात तिसरी तारच नसेल तर थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या भोकात जोडायचं काय?

या प्रश्नाला अनेक घरांत एक घातक उत्तर दिलेलं असतं. सॉकेटच्या आतच न्यूट्रलपासून अर्थच्या पिनपर्यंत तारेचा छोटा तुकडा टाकलेला असतो. वरवर सगळं ठीक चालतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली, किंवा खांबावर काम करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन या सगळ्यांची अंगं एकदम जिवंत होतात. अर्थिंग नसलेल्या घरापेक्षा हे खोटं अर्थिंग असलेलं घर जास्त धोक्याचं.

जुन्या घरातला दुसरा दोष मेन बोर्डावर असतो. फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे पोर्सेलिनचे दोन किटकॅट फ्यूज. न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज किंवा एकेरी स्विच नको, हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच सांगितलं होतं. त्यामागे कारणही तसंच आहे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवे विझतात आणि लाइट गेली असं घरच्यांना वाटतं, पण फेज घरभर तशीच असते. अशा वेळी होल्डरला हात घालणारा माणूस फसतो. त्यातून फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणीतरी त्यात जाडी तांब्याची तार बसवतो. मग फ्यूज उडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापू लागते.

या वायरी बसवल्या गेल्या त्या काळी घरात चार दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ असायचा. लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली बॅटन वायरिंग किंवा केसिंग-कॅपिंग, आत रबराचं किंवा पुढच्या काळातलं पीव्हीसीचं आवरण, आणि कित्येक ठिकाणी अॅल्युमिनियमची तार. रबर काळाबरोबर कडक होऊन तडकतं. साधं पीव्हीसी सत्तर अंश तापमानापर्यंत टिकेल असं धरलेलं असतं. तापलेल्या टिनाला चिकटून गेलेल्या वायरच्या बाबतीत ती मर्यादा लवकर जवळ येते, त्यामुळे तिच्यातून कमी प्रवाह नेणंच शहाणपणाचं. अॅल्युमिनियमला तांब्याची तार नुसती पिळून, वर टेप गुंडाळून केलेला सांधा सैल होत जातो, तापतो आणि काळवंडतो. आज त्याच तारांवर फ्रिज, मोटरपंप, गीझर आणि कूलर चालतात. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटर, मोठ्या सॉकेटला अडीच आणि गीझर किंवा एसीला चार चौरस मिलिमीटर तांब्याची तार, हा वायरमनांचा नेहमीचा हिशेब. तो जुन्या बोर्डामागे क्वचितच पाळलेला दिसतो.

फ्यूज किंवा एमसीबी असली की माणूस सुरक्षित, हा समज इथे खोडून काढायला हवा. ही दोन्ही साधनं तारेचं रक्षण करतात. ओल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला साधारण २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. पाच अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने हा एका साध्या दिव्याइतकाच भार आहे. हृदयाची लय बिघडवायला मात्र तेवढा प्रवाह पुरेसा ठरतो. यावर उपाय म्हणजे आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो का, हे ती सतत पाहते. तीस मिलिअँपिअरची तफावत आली की जास्तीत जास्त तीनशे मिलिसेकंदांत आणि तफावत पाचपट झाली तर चाळीस मिलिसेकंदांत पुरवठा तुटतो. अमेरिकेत चार्ल्स डॅल्झिल या प्राध्यापकाने माणसाला किती प्रवाह सोसतो याचा अभ्यास केला आणि १९६१ मध्ये या जातीचं घरगुती उपकरण तयार केलं. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनी घरगुती जोडणीसाठी हीच तीस मिलिअँपिअरची मर्यादा घातली आहे. लहान भाराच्या जोडण्या मात्र त्यातून वगळल्या. कायद्याची ही सूट नेमकी जुन्या, गरीब घरांच्या वाट्याला येते.

नियमांची वानवा कधीच नव्हती. १९१० चा वीज कायदा, १९५६ चे नियम, २००३ चा कायदा, २०१० ची सुरक्षा विनियमावली आणि तिच्या जागी आलेली २०२३ ची. जोडीला वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि १९८५ पासूनची राष्ट्रीय विद्युत संहिता. ग्राहकाकडची वायरिंग जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने तपासावी, असं १९५६ चे नियमच सांगत होते. पण घराघरात कोण जाणार? नवी जोडणी घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यानंतर मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, मीटरच्या पुढची घरमालकाची. विद्युत निरीक्षक येतो तो अपघात झाल्यावर. विजेच्या अपघाताची खबर चोवीस तासांत आणि सविस्तर अहवाल अठ्ठेचाळीस तासांत द्यायचा असतो. म्हणजे घराच्या आयुष्यात तपासणी दोनदाच होते, जोडणीच्या दिवशी आणि मरणाच्या दिवशी. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसं दगावतात.

मग जुन्या घराने करायचं काय? सगळी वायरिंग एका दमात बदलणं प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. पहिलं काम तपासणीचं. परवानाधारक माणसाकडून पाचशे व्होल्टच्या मेगरने आवरणाचा रोध मोजायचा. तो किमान एक मेगओहम हवा. त्याच फेरीत सॉकेटांमधले खोटे अर्थचे तुकडे काढायचे, न्यूट्रलमधला फ्यूज काढून तिथे पक्की जोडणी करायची आणि मेनला फेज-न्यूट्रल एकत्र तोडणारा स्विच बसवायचा.

दुसरं काम अर्थिंगचं. आयएस ३०४३ प्रमाणे किमान ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप इमारतीपासून दीड मीटर तरी दूर गाडायचा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे. या भागातली काळी माती ओली असताना प्रवाह चांगला वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पाइपपासून सुटते. कूलर चालू होतात तेही नेमके तेव्हाच. त्यामुळे मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणं हे कूलरमध्ये पाणी ओतण्याइतकंच नेमाचं काम असायला हवं. तरीही एकट्या अर्थिंगवर विसंबता येत नाही. खड्ड्याचा रोध वीस ओहम असेल तर दोष प्रवाह साडेअकरा अँपिअरच भरतो आणि सोळा अँपिअरची एमसीबी हलतही नाही. म्हणून तिसरं काम आरसीसीबीचं.

इथे वायरमनची खरी कसोटी लागते. जुन्या घरात आरसीसीबी बसवली की ती सारखी पडते, कारण कुठे आवरण गळतं, कुठे दोन खोल्यांच्या न्यूट्रल एकमेकांत मिसळलेल्या असतात. घरचे वैतागतात, आणि वायरमन ती बायपास करून निघून जातो. वास्तविक ती पडते म्हणजे आपलं काम चोख करते. एकेक सर्किट सुटं करून दोष शोधणं वेळखाऊ असतं, आणि त्या वेळेची मजुरी द्यायची घरमालकाची तयारी हवी. चौथं काम छपरावरचं. सर्व्हिस वायर टिनाला घासते का, तिला आधार देणारी लोखंडी तार कपडे वाळत घालायच्या तारेला कुठे भिडते का, हे पावसाळ्याआधी पाहायचं. वायरी बदलायचं काम शेवटी, आणि तेही जास्त भाराच्या सर्किटापासून सुरू करायचं.

भाड्याच्या घरात आणखी एक गाठ पडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ज्या शहरांत लागू आहे, तिथे कलम १४ प्रमाणे जागा दुरुस्त ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. नोटीस देऊनही त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या पावपटीपर्यंतच. मुंबई-पुण्याच्या जुन्या वाड्या-चाळींत पूर्वापार भाडं इतकं तुटपुंजं असतं की त्या पावपटीत तारेचं एक भेंडोळंही येत नाही. खेड्यातल्या भाडेकरूकडे तर बहुतेकदा लेखी करारही नसतो.

राजूरसारख्या खाणगावाची एक जमेची बाजू मात्र आहे. अर्थ लीकेज म्हणजे काय, रिले का पडते, ती बायपास केली तर काय होतं, हे खाणीत पाळ्या केलेल्या इलेक्ट्रिशियनला शिकवावं लागत नाही. हे ज्ञान गावात आधीच आहे, फक्त ते खाणीपुरतंच वापरलं गेलं. ग्रामपंचायतीने उन्हाळ्याआधी अशी निवृत्त माणसं, परवानाधारक वायरमन आणि आयटीआयचे विद्यार्थी यांना सोबत घेऊन घरोघरी तपासणी केली, तर मेगर आणि टेस्टरपलीकडे फारसा खर्च येणार नाही. महावितरणनेही जोडभार वाढवून देताना नवा टेस्ट रिपोर्ट खरोखर पाहून घ्यावा, कारण जुन्या घराने स्वतःहून दार उघडण्याचा तो एकच प्रसंग असतो. आणि लहान भाराच्या घरांना आरसीसीबीतून दिलेली सूट सरकारने काढून घ्यावी, गरजूंना आरसीसीबी सवलतीत द्यावी. ती कूलरपेक्षा स्वस्त पडते. खाणीत सुरक्षेचा खर्च कोळशाच्या किमतीत धरला जातो. घरातला तसाच खर्च विजेच्या किमतीत धरायला हरकत कुणाची असेल?