कूलरमधला बुळबुळीत थर आणि जिवाणूंची पकड

नागपूरच्या मे महिन्यात कूलरची टाकी रिकामी करून आतून बोट फिरवा. हाताला लागणारा बुळबुळीत थर म्हणजे नुसतं साचलेलं पाणी आणि धूळ, असा आपला समज. प्रत्यक्षात ती जिवाणूंची वस्ती असते: बायोफिल्म. तिचं चिकट आवरण जिवाणू स्वतःच स्रवतात. असाच थर कॅथेटरवर आणि जुनाट जखमेतही बसतो.

तिथं औषध लागू पडलं नाही की 'आणखी स्ट्राँग द्या' असा आग्रह होतो. पण अनेक प्रतिजैविकं भराभर वाढणाऱ्या जिवाणूंवरच नीट चालतात आणि थरातले कित्येक जिवाणू मंदावलेले असतात. म्हणून लॅबच्या रिपोर्टात 'सेन्सिटिव्ह' लिहिलेलं औषधही फसू शकतं.

अशा वेळी जिवाणूंची पकडच सोडवता येईल का? स्युडोमोनास एरुजिनोसा या हट्टी जिवाणूकडे साखर पकडणारी दोन प्रथिनं, म्हणजे लेक्टिन, आहेत. 'लेक-ए' गॅलॅक्टोज धरतं, 'लेक-बी' मुख्यतः फ्युकोज. इस्रायलच्या नेहामा गिल्बोआ-गार्बर यांनी 1970च्या दशकात ती वेगळी काढली. कल्पना अशी, की या प्रथिनांना साखरेनंच गुंतवून ठेवायचं. साखर हे जिवाणूंचं खाद्य, मग तीच देऊन त्यांना कसं रोखणार, ही शंका रास्त वाटते. पण लेक्टिन साखर पचवत नाही, फक्त धरून ठेवतं. प्रत्येकाला साखर धरायच्या चार जागा असतात, त्यामुळे ते थरात सांधा बनू शकतं. लेक्टिनची जनुकं काढलेल्या जिवाणूंचा थर प्रयोगशाळेत कमकुवत झाला. लेक्टिनच्या त्या जागांत घट्ट बसणारे कृत्रिम रेणू घातले तेव्हा तयार थरही विस्कटला. मात्र हे रेणू जिवाणू मारत नाहीत; सुटलेल्या जिवाणूंसाठी प्रतिजैविक लागतंच.

प्रत्येक बायोफिल्म शत्रू नसते, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. इथल्याच 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेच्या फायटोरिड पद्धतीत वनस्पतींच्या मुळांवर आणि खडीवर वाढलेले असेच थर सांडपाणी शुद्ध करतात.

आता सर्वांत महागडा गैरसमज. लघवीच्या संसर्गातला ई. कोलाय 'फिमएच' या प्रथिनानं मॅनोज ही साखर धरतो, म्हणून तीच पकड अडवायला मॅनोजची पावडर विकली जाते. तत्त्व खरं, गुण मात्र दिसला नाही. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत वारंवार संसर्ग होणाऱ्या 598 स्त्रिया होत्या. पुन्हा वैद्यकीय मदत घ्यावी लागली ती पावडर घेणाऱ्या 51 टक्क्यांना आणि नुसती फळांतली साखर घेणाऱ्या सुमारे 56 टक्क्यांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. तेव्हा लघवीला जळजळ होत असेल, तर पावडरच्या डब्यावर पैसे घालवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगितल्यास युरीन कल्चर करून घ्या.