सहस्फोट : एका साठ्यातून दुसऱ्यात

एका साठ्याच्या स्फोटातून उसळलेला धक्का, उडालेली शकले वा उष्णता यांमुळे शेजारचा साठाही उडतो, त्यास सहस्फोट म्हणतात. तो टाळण्यासाठी दारूगोळ्याची कोठारे मातीच्या बांधांआड, परस्परांपासून दूर बांधतात. हे अंतर स्फोटकांच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. साठा आठपट झाला, तर अंतर दुप्पट. डिटोनेटर मुख्य स्फोटकांपासून अलग ठेवणे, हा कोठारातील आद्य दंडक.

स्फोटकांपासून अंतर न राखल्याचे उदाहरण : मुंबई, १४ एप्रिल १९४४ – व्हिक्टोरिया गोदीतील ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकांच्या सान्निध्यात, घातकपणे, कापसाच्या हजारो गासड्या रचलेल्या होत्या. त्या पेटल्या आणि दुपारी चारनंतर, अर्ध्या तासाच्या अंतराने, दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ १४ एप्रिलपासून पाळला जातो.